रोमवरून पॉम्पेई एका दिवसात, छोट्या ग्रुपच्या टूरने: आईच्या गुडघ्यांना झेपेल का?

सक्करदरावाली

नमस्कार मंडळी. मे मध्ये आम्ही पाच जण इटलीला चाललो, मी, नवरा, नऊ वर्षांचा पोरगा आणि माझे आईबाबा. नागपूर-दोहा-रोम तिकिटं झाली, व्हिसा झाला, रोममध्ये चार रात्री आहेत आणि त्यातला एक अख्खा दिवस पॉम्पेईसाठी ठेवलाय कारण बाबा. बाबा ६९ चे आहेत, शाळेत असताना कुठल्यातरी पुस्तकात त्यांनी व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं चित्र पाहिलं होतं तेव्हापासून ते डोक्यात बसलंय, कलोसियम नाही दाखवलं तरी चालेल पण ते राखेखालचं गाव दाखव म्हणतात. आईला तसं काही नाही, ती म्हणते पडक्या भिंती पाहायला एवढ्या दूर कशाला, रामटेकला जाऊन येऊ की.

आता अडचण अशी की आईचे गुडघे. सपाटीवर फुटाळ्याला आरामात चक्कर मारते, पण जिना उतरताना कठडा लागतो. मी नेटवर बघून राहिली तर तीन प्रकार दिसतात. एक, व्हॅन, जास्तीत जास्त ८ लोक, हॉटेलवरून उचलणार, पॉम्पेई प्लस अमाल्फीचा समुद्रकिनारा, रात्री ८ ला परत. दुसरा, मोठी बस, पॉम्पेई प्लस व्हेसुव्हियसवर चढणं. तिसरा म्हणजे आपणच ट्रेननी जायचं आणि तिथे गेटवर छोटा ग्रुप जॉइन करायचा गाईडसोबत. पहिला सगळ्यात सोपा वाटतो पण किंमत ऐकून बाबा गप्पच झाले. कोणी केलंय का यातलं? खरं खरं सांगा, फोटोतलं नको.

तर्री_जास्त_मारके

ताई पहिला ऑप्शन आम्ही केला होता, मागच्या वर्षी, बायको आणि मी. सांगतो ऐका. ८ लोक म्हटले होते, गाडीत ११ निघाले. सकाळी साडेसहाला उचललं आणि मग रोमभर बाकीच्यांची हॉटेलं फिरत बसले, शहराबाहेर पडायलाच पावणेआठ झाले. रोम ते पॉम्पेई २४० किमीच्या आसपास आहे, मधे एक चहापाण्याचा थांबा, तो अर्धा तास, आणि मग पॉम्पेईच्या आधी एका दुकानात उतरवलं, लिंबाची दारू आणि पोवळ्याचे दागिने, तिथे पाऊण तास. गेटच्या आत आम्ही किती वेळ होतो माहिती आहे? एक तास चाळीस मिनिटं. गाईड झेंडा घेऊन पुढे आणि आम्ही मागे पळून राहिलो, जत्रेत पोरगं हरवू नये म्हणून पळतात ना तसे. मी एका घरासमोर जरा थांबलो फोटोला तर मागून आवाज, नो टाइम नो टाइम.

मग अमाल्फी. वळणाचा रस्ता, चिखलदऱ्याचा घाट आठवा आणि त्यात बसेसची गर्दी टाका. बायकोला उलटी झाली. किनाऱ्यावर ४० मिनिटं.

म्हणून टूरवाल्याला एकच प्रश्न विचारायचा, मेलवर लिहून घ्यायचा, की बाबा गेटच्या आत किती वेळ. बाकी ते ब्रेकफास्ट, वायफाय, एसी गाडी सगळं सोडून द्या.

ऑरेंजसिटी_ते_आइंडहोवन

वरच्या दादांशी एकदम सहमत. मी तिसरा प्रकार केला होता, तोही आईला घेऊन, आणि माझी आई पण तुमच्या आईसारखीच, "दगड पाहायला एवढे पैसे?" म्हणणारी. जरा मोठं लिहिते, कारण त्या दिवसाबद्दल मला बोलायला आवडतं.

रोमच्या टर्मिनी स्टेशनवरून नेपल्सला फास्ट ट्रेन आहे, सव्वा तासाच्या आत पोचवते. आधी बुक केली तर स्वस्त पडते. नेपल्स सेंट्रल स्टेशनच्याच खाली उतरून गॅरिबाल्डी म्हणून जे स्टेशन आहे तिथून चिर्कुमवेसुव्हियाना लोकल, सोरेंटोच्या दिशेची. ही लोकल म्हणजे जुनाट डबे, गर्दी, खिसेकापूंसाठी प्रसिद्ध, पर्स पोटाशी धरा. सीझनमध्ये कंपानिया एक्सप्रेस नावाची टुरिस्टांची गाडी पण असते त्याच रुळावर, कमी थांबे, आईबाबा आहेत तर तीच घ्या. उतरायचं "पॉम्पेई स्काव्ही - व्हिला देई मिस्टेरी" ला. नुसतं "पॉम्पेई" म्हणून दुसरं स्टेशन आहे, ते आजच्या गावातलं, सरकारी रेल्वेचं. आमच्या ग्रुपमधलं एक जोडपं तिथेच उतरलं आणि घामाघूम होऊन वीस मिनिटं उशिरा आलं. स्काव्ही म्हणजे उत्खनन, हा शब्द लक्षात ठेवा.

गाईड तिथलीच होती, गळ्यात लायसन्सचा बिल्ला, आम्ही १२ जण. कानात तो छोटा रिसीव्हर देतात त्यामुळे मागे राहिलं तरी ऐकू येतं, आईसाठी हे फारच बरं पडलं. अडीच तास.

आता रस्त्यांचं. काळे मोठे लाव्हाचे दगड, गुळगुळीत आणि वरखाली, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या खोल खाचा पडलेल्या, काही ठिकाणी वीतभर खोल. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड ठेवलेत, कारण रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, पाय भरू नये म्हणून या दगडांवरून जायचं आणि गाडीची चाकं दोन दगडांच्या मधून. फूटपाथ उंच आहे, चढताना उतरताना तुमच्या आईला हात द्यावाच लागेल. पण एक सोय आहे जी मला नंतर कळली: गुडघेवाल्यांसाठी आणि व्हीलचेअरसाठी वेगळा मार्ग केलाय, "पॉम्पेई पेर तुत्ती", म्हणजे सगळ्यांसाठी पॉम्पेई, तीन किलोमीटरच्या वर लांब, आणि तो अँफीथिएटरच्या (खेळांचं जुनं गोल मैदान) बाजूच्या गेटमधून सुरू होतो. स्टेशनसमोरच्या पोर्ता मरिना गेटला तर सुरुवातीलाच चढ आहे, आईची तिथेच वाट लागली होती. तुम्ही टॅक्सीनी सरळ अँफीथिएटरच्या गेटवर जा.

आणि माझ्या आईचं मत कुठे बदललं सांगते. एका चौकात पाण्याचं दगडी टाकं आहे, असे रस्त्यारस्त्यावर आहेत, लोक तिथून पाणी भरायचे. तोटीच्या बाजूचा दगड एका ठिकाणी दबलाय, गुळगुळीत खळगा. गाईड म्हणाली इथे लोक हात टेकवून वाकायचे पाणी प्यायला, हात टेकवून टेकवून झिजलाय. आईनी काही न बोलता तिथे पंजा ठेवला, बरोबर बसला. मग मला म्हणते, आपल्या काटोलच्या विहिरीच्या काठाला दोरानी कशा खाचा पडल्या होत्या, तुझ्या आजीच्या हातच्या असतील त्यातल्या काही. त्यानंतर तीच गाईडच्या पुढे.

बेकरीत तर तिनी क्लासच घेतला. तिथे लाव्हादगडाची जाती आहेत, कमरेएवढी उंच, वरचा दगड डमरूसारखा, त्यात वरून धान्य टाकायचं आणि लाकडी दांडा लावून गाढवानी फिरवायचं. आई म्हणे हे आपलंच जातं आहे, फक्त उभं केलंय. बाजूला भट्टी अगदी आजच्या पिझ्झावाल्याची असते तशी. पाव पण सापडलेत तिथे, कोळसा झालेले, आठ फोडी पाडलेले गोल पाव.

तर्री_जास्त_मारके

बेकरी आमच्या गाईडनी दाखवलीच नाही बे! पैसे परत पाहिजे मला.

मास्तर_निवृत्त

सक्करदऱ्याच्या ताई, तुमच्या वडिलांचा हट्ट एकदम योग्य आहे आणि तुमच्या आईला रामटेकच आठवलं यातही चूक काही नाही. मनसरची हिडिंबा टेकडी नागपूरकरांनी किती जणांनी नीट पाहिलीये? वाकाटकांचं तिथे केवढं काय निघालं. शाळेची सहल जाते, बिस्किटं खाते आणि परत येते. असो, विषय भरकटला.

मी एक गोष्ट सांगतो जी गाईड बहुतेक सांगणार नाही. पॉम्पेईत १९३८ साली एक हस्तिदंती मूर्ती सापडली, भारतीय. वीतभरापेक्षा थोडी उंच, साधारण २५ सेंमी, अंगभर दागिने, दोन्ही बाजूला दोन छोट्या दासी. आधी लोक तिला लक्ष्मी म्हणाले, "पॉम्पेई लक्ष्मी" हेच नाव रूढ झालं, आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. ती ज्या घरात मिळाली त्याला इंडियन स्टॅच्युएटचं घर म्हणतात, ते व्हिया देल'अबोंदान्झा या मुख्य रस्त्यावर आहे. आणि नागपूरचा संबंध असा की जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठानी मिळून उत्खनन केलं, त्यात अगदी त्याच धर्तीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. तेरलाही तशी मूर्ती मिळालेली आहे. म्हणजे इ.स. ७९ ला व्हेसुव्हियस फुटला तेव्हा त्या गावातल्या कोणाच्या तरी घरात आपल्याकडची वस्तू होती, बहुधा आपल्याच दख्खनच्या कारागिरांच्या हातची. हे वडिलांना जाण्याआधी सांगा, विमानात सांगा, बघा चेहरा.

अजून एक. प्लिनी थोरला, ज्यानी तक्रार लिहून ठेवली की भारत दर वर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, मिरी, मलमल, मोती या असल्या चैनीपायी, तो याच स्फोटात गेला. आरमाराचा प्रमुख होता, जहाजं घेऊन लोकांना वाचवायला निघाला, पॉम्पेईजवळच्या स्टॅबिएच्या किनाऱ्यावर मेला. त्याचा भाचा समुद्रापलीकडून बघत होता, त्यानी नंतर ते सगळं पत्रात लिहिलं.

तारखेचं पण बघा. पुस्तकात २४ ऑगस्ट शिकवायचे. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशानी लिहिलेली तारीख मिळाली, ती ऑक्टोबरच्या मधली येते, त्यामुळे स्फोट ऑक्टोबरमध्ये झाला असं आता बरेच जण मानतात. वडिलांना ऑगस्ट पाठ असेल तर वाद होईल, तयारीत राहा.

मूर्ती मात्र पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. अलेक्झांडरचं ते मोठं मोझेक (रंगीत दगडी तुकड्यांचं चित्र) पण तिथलंच, पॉम्पेईच्या घरात नक्कल ठेवलीये. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

सक्करदरावाली

मास्तर, बाबांना तुमचा मेसेज वाचून दाखवला, ते आत जाऊन ऑगस्टवाली वही घेऊन आले 😄 खरंच वही आहे.

ठीक आहे, व्हॅन कॅन्सल. पण आता अजून शंका. एक, पोराला ते प्लास्टरचे मृतदेह दाखवायचे की नाही, तो त्याच्यासाठीच येऊन राहिलाय पण रात्री झोपणार नाही आणि मला पण झोपू देणार नाही. दोन, जेवण, आम्ही शाकाहारी. तीन, पाणी, बाथरूम, सावली. चार, कुठेतरी वाचलं की तिथे एक "तसलं" घर पण आहे आणि प्रत्येक गाईड तिथे नेतोच. आईबाबा आणि पोरगा, तिघांसोबत मी तिथे उभी राहणार का?

ऑरेंजसिटी_ते_आइंडहोवन

चार नंबरचं आधी, कारण मी तो अनुभव घेतलाय 😂 लुपानार, म्हणजे तिथलं वेश्यागृह. दगडी ओटे, भिंतीवर चित्रं, आणि मी आईच्या शेजारी उभी, गाईड एकदम सविस्तर. आई बाहेर आल्यावर म्हणे, "ओट्यावर गादी तरी टाकत असतील ना?" बस एवढंच. तुम्ही गाईडला आधीच सांगून ठेवा, लहान मूल आहे, ते वगळा, सगळे वगळतात. आणि वेटीचं घर म्हणून एक जुनं घर आहे, तिथे दारातच एक चित्र आहे, तिथे पोराला मोबाइल द्या हातात. ते घर मात्र सोडू नका, बरीच वर्षं काम चालू होतं, २०२३ मध्ये उघडलं, भिंतींचा लाल रंग बघून वाटतं मागच्या दिवाळीत दिलाय.

मृतदेहांचं. ते खरं म्हणजे शरीरं नाहीत, साचे आहेत. राखेत माणूस गाडला गेला, राख घट्ट झाली, शरीर नाहीसं झालं, आत पोकळी उरली. १८६३ मध्ये फिओरेल्ली म्हणून उत्खननाचा प्रमुख होता, त्यानी डोकं लावलं की पोकळीत प्लास्टर ओतायचं आणि मग बाजूची राख काढायची. हाडं आत असतात. पोराला हे आधी घरीच समजवा, मूर्ती करायचा साचा असतो तसा म्हणून, मग भीती कमी वाटते. अँफीथिएटरच्या गेटनी गेलात तर पळणाऱ्यांची बाग जवळच आहे, १३ जण एकाच ठिकाणी, काचेच्या मागे. माझ्या भाचीला भीती नाही वाटली, तिला राग आला की कोणी त्यांच्या अंगावर चादर का नाही टाकत.

पाणी भरपूर, जुन्या टाक्यांनाच नवे नळ लावलेत, बाटली भरा, पिण्याचं आहे. सावली नाही. मे मध्ये हवा आपल्या डिसेंबरच्या दुपारसारखी असते, ४५ डिग्रीतून येणाऱ्याला गंमत वाटेल, पण दगड तापतात आणि डोक्यावर काही नाही, टोप्या घ्या. बूट घ्या सगळ्यांना, चपलेवर नको.

जेवण: आत एक कॅफे आहे, फोरमजवळ (गावाचा मुख्य चौक), ठीकठाक, महाग. सकाळी रोममधून पाव-टोमॅटो-चीज बांधून घ्या. आणि थेपले आणि सांडगी मिरची. आईनी काढलीच होती.

वर्धारोड_वाचक

उलटं बोलतो माफ करा. गुडघे असतील आणि एकच दिवस असेल तर पॉम्पेई सोडा, ओस्तिया अँटिका करा. रोमचं जुनं बंदर, पिरामिदे मेट्रो स्टेशनला लागूनच लोकल मिळते, अर्धा तास, रोमचं साधं सिटी तिकीट चालतं. बऱ्यापैकी सपाट, छत्रीसारखी पाइनची झाडं, सावली, गर्दी नाही. चारमजली असतील अशा चाळींचे खालचे मजले उभे आहेत, खाणावळीचा कट्टा आहे, जाती आहेत, आणि दगडी बाकावर ओळीनी भोकं पाडलेला सार्वजनिक संडास, पोरगा तिथून हलणार नाही. थिएटरच्या मागे व्यापाऱ्यांचा चौक आहे, प्रत्येक पेढीसमोर जमिनीवर काळ्यापांढऱ्या मोझेकमध्ये पाटी, कोणाची जहाजं, कोणाचा दीपस्तंभ, एकाचा तर हत्ती. आपल्या इतवारीत दुकानासमोर नाव कोरलेलं असतं तसं समजा. सोमवारी बंद.

मास्तर_निवृत्त

ओस्तिया चांगलंच आहे, नाही म्हणत नाही. पण ज्या माणसानी साठ वर्षं व्हेसुव्हियस डोक्यात ठेवलाय त्याला बंदर दाखवून कसं चालेल? फोरममध्ये उभं राहिलं की समोर तो डोंगर दिसतो, मोडक्या देवळाच्या खांबांच्या बरोबर मागे. ते बघायलाच जातायत ते.

तर्री_जास्त_मारके

मास्तरांना +१. आणि ताई व्हेसुव्हियसवर चढायचा नाद नको, बस हजार एक मीटरपर्यंत नेते मग पुढे सुट्ट्या खडीवरून चढ आहे, गुडघ्यांसाठी एकदम बेकार. खालूनच नमस्कार करा.

वर्धारोड_वाचक

मान्य. मग असं करा, पोचायच्या दुसऱ्या दिवशी पॉम्पेई आणि जमलं तर शेवटच्या दिवशी सकाळी ओस्तिया, विमानतळ त्याच बाजूला आहे. पॉम्पेईत मात्र यादी करून सगळं पाहायच्या मागे लागू नका, ६६ हेक्टर गाव आहे, तिसरा हिस्सा तर अजून मातीखालीच आहे मुद्दाम ठेवलेला, आणि उरलेलं चार दिवसात होत नाही. अँफीथिएटर, बाग, एक बेकरी, एक खाण्याचा ठेला, एक घर, फोरम. मधे बसा. अँफीथिएटरच्या पायऱ्यांजवळ बाबांना सांगा की इ.स. ५९ मध्ये इथे मॅच बघताना पॉम्पेईवाले आणि शेजारच्या नुसेरियावाले असे भिडले की माणसं मेली आणि दहा वर्षं खेळांवर बंदी आली. जामठ्याच्या स्टेडियमवर तिकिटासाठी उभं राहिलेल्याला हे लगेच समजतं.

सक्करदरावाली

अपडेट. फायनल केलं. ट्रेन, अँफीथिएटरचं गेट, तिथली गाईड, जास्तीत जास्त १० जण, आत तीन तास असं मेलवर लिहून घेतलं (तर्रीभाऊ थँक्यू). संग्रहालयासाठी नेपल्समध्ये संध्याकाळी दीड तास काढलाय, बाबा आणि मी मूर्ती बघायला जाणार, बाकीचे तिघं स्टेशनवर पिझ्झा खाणार. आई म्हणते मूर्ती भोकरदनची असेल तर आम्ही बघून काय करणार, ती तर आपलीच आहे.

ऑरेंजसिटी_ते_आइंडहोवन

मस्त! एक राहिलं, बॅगा. ३० बाय ३० बाय १५ सेंमीपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे थेपल्याचा डबा छोट्या पिशवीत. आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे, तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, ते पासपोर्टशी जुळलं पाहिजे. नावं नीट टाकली ना?

सक्करदरावाली

अगं बाई. आईचं तिकीट मी घरी हाक मारतो त्या नावानी काढलंय, पासपोर्टवर तर माहेरचं आहे. थांबा, मेल टाकते त्यांना.